पहिले पात्र कोणाचे घ्यावे?

कल्पनेचा कोणताही खेळ मांडावयाचा म्हटला की सर्वांत आधी एकच प्रश्न उभा राहतो : तू कोण होणार? मुले या प्रश्नाचे उत्तर किती झटपट देतात हे सर्वांच्या परिचयाचे आहे. कोणी राजा होतो, कोणी सेनापती, कोणी तलवारबहाद्दर. दिवाळीत आमच्या अनगोळच्या गल्लोगल्ली मातीचे किल्ले उभे राहतात, तेव्हाही हाच क्रम दिसतो. बाजारातून प्रथम महाराजांची मूर्ती येते, मग भालदार, मावळे आणि तोफा. विहिरीवर पाणी शेंदणारी बाई, भाजीवाली, मेंढपाळ ही चित्रे पैसे उरले तर यावयाची. याबद्दल आमची तक्रार नाही. महाराजांवाचून किल्ला म्हणजे नुसता मातीचा ढीग. परंतु ज्या खेळात प्रत्येक गड्याने एकच मूर्ती घडवावयाची आणि पुढे महिनोन्महिने तिच्याच तोंडाने बोलावयाचे, त्या खेळात हे झटपट उत्तर पुरे पडते काय, याचा विचार व्हावा म्हणून हा लेख.

ज्या खेळाविषयी आम्ही लिहीत आहोत तो अमेरिकेत जन्मास आला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या दोघांनी रचलेला 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' १९७४ साली तीन लहान पुस्तिकांच्या रूपाने प्रसिद्ध झाला. पहिल्या वेळी त्याच्या अवघ्या १,००० प्रती काढल्या होत्या. आज त्याच धर्तीचे शेकडो खेळ जगभर खेळले जातात. त्याला पट नसला तरी चालतो, सोंगट्या नसल्या तरी अडत नाही. चारपाच गडी मेजाभोवती अथवा सतरंजीवर बसतात. एक जण सूत्रधार होतो. तो म्हणतो, "तुम्ही घाट उतरलात. पुढे नदीवर मोडका पूल आहे. पलीकडच्या चौकीत दिवा दिसतो." बाकीच्यांनी आपापल्या पात्राच्या वतीने काय करणार ते सांगावयाचे. सहज घडण्याजोगी गोष्ट घडते. यशापयशाचा संशय असेल तेथे फासा टाकतात. पात्र म्हणजे एक कागद. त्यावर ताकद, चापल्य, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि छाप असे सहा गुण लिहितात. मूळ नियमांप्रमाणे प्रत्येक गुणासाठी साधे तीन फासे टाकून बेरीज मांडीत; म्हणजे गुण ३ पासून १८ पर्यंत काहीही येई. पेशे आरंभी तीनच होते : लढवय्या, मांत्रिक आणि धर्मोपदेशक. चोराचा पेशा १९७५ च्या पुरवणीत आला.

आता नवखा गडी आला की जाणते खेळाडू त्यास एक ठरीव सल्ला देतात. तू लढवय्या हो. तलवार घे, ढाल घे, पुढे उभा राहा. नियम थोडे, घोटाळा कमी. मुलगी असेल तर तिला धर्मोपदेशकाचा कागद देतात, कारण जखमा बऱ्या करण्याचे काम त्याच्याकडे असते. घरी पाट-पाणी मांडणारीने येथेही मलमपट्टीच करावी, असा हा न्याय! हा सल्ला आम्हांस मान्य नाही. आमचे म्हणणे असे की, नवख्याचे पहिलेच पात्र रूढ वाटेवरचे नसावे. मात्र 'वेगळे' या शब्दाचा अर्थ लावताना फार लोक फसतात, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर लिहावे लागेल.

वेगळेपणाचे एक दुकान असते. तेथे शिंगे मिळतात, शेपटी मिळते, निळी कातडी, तीन डोळे आणि शापित जन्माची कहाणी मिळते. नवा गडी हौसेने ते सारे अंगावर चढवितो आणि खेळ सुरू होताच तलवार उपसून पुढे उभा राहतो. म्हणजे लढवय्या तो लढवय्याच. फक्त त्याला शेपटी फुटली. दुसरे वेगळेपण माणसाच्या कामात, त्याच्या भीतीत, त्याला ठाऊक असलेल्या गोष्टींत असते. भुयाराच्या तोंडाशी उभे राहिल्यावर सैनिकास शत्रू दिसेल. गवंड्यास कमानीचा सैल दगड दिसेल. दोघांच्या अंगी ताकद सारखीच असली तरी ते दोन वेगळे खेळ खेळतील. आम्ही ज्या वेगळेपणाचा पुरस्कार करतो ते हे दुसरे. त्याला कोणतीही शिंगे लागत नाहीत.

आणि हे काही आमच्या डोक्यातून निघालेले नवे खूळ नव्हे. या खेळाच्या उगमाकडे गेले तर तेथे लढवय्याच्या आधी नगराध्यक्ष उभा दिसतो. गोष्ट १९६९ सालची. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात डेव्ह वेस्ली नावाचा एक तरुण नेपोलियनच्या काळातील लढायांचे खेळ मांडीत असे. एकदा त्याने ब्राउनश्टाइन नावाचे एक काल्पनिक जर्मन नगर योजिले आणि सेना हलविण्याऐवजी गड्यांना नगरातील माणसे वाटून दिली : कोणी नगराध्यक्ष, कोणी सावकार, कोणी विद्यापीठाचा प्रमुख. प्रत्येकाचा हेतू निराळा. गडी इतके रंगले की ठरविलेली लढाई बाजूलाच राहिली. सूत्रधारास वाटले, खेळ फसला. गड्यांनी पुन्हा कधी खेळायचे म्हणून त्याची पाठ धरली. या मंडळींतच डेव्ह अर्नेसन होता. तोफखान्याच्या जागी सावकार बसवूनही खेळ रंगतो ही गोष्ट १९७४ च्या पाच वर्षे आधीच सिद्ध झालेली होती. पुढे पुस्तिका छापताना तलवार पुढे आली आणि सावकार मागे पडला, एवढेच.

आपल्याकडे पाहिले तर घाटाखाली कोकणात दशावतार आहे. त्यात कथा ठरलेली, पण संवाद लिहिलेले नसतात. नट रंगमंचावर उभा राहून आयत्या वेळी बोलतो आणि समोरचा त्याला आयत्या वेळी उत्तर देतो. भूमिका-खेळाचे याहून जवळचे नातेवाईक शोधावयास सातासमुद्रापलीकडे जाण्याची गरज नाही. त्या दशावताराच्या आरंभी जो संकासुर येतो तो वेद पळविणारा दैत्य. काळा वेष, बाहेर लोंबणारी लाल जीभ. त्याने भिववावे ही अपेक्षा, आणि तो मालवणीत बोलून साऱ्या गावाला पोट धरून हसवितो. प्रेक्षक देवापेक्षा त्याची वाट अधिक पाहतात. वाङ्मयातही हेच. चिं. वि. जोशी यांनी चिमणराव हा भित्रा कारकून नायक केला आणि तो महाराष्ट्राच्या घरोघरी राहावयास गेला. टॉल्किनच्या १९३७ च्या 'द हॉबिट' या कादंबरीत तेरा खुज्या वीरांच्या मोहिमेत चौदावा म्हणून जो निवडला जातो तो घरकोंबडा, न्याहारीची वेळ चुकली तर कासावीस होणारा प्राणी आहे. अशी उदाहरणे पुष्कळ आहेत. ती वाढवीत बसण्यापेक्षा आमच्या मंडळीत जे प्रत्यक्ष घडले ते सांगणे बरे.

आमच्या खेळात एका मैत्रिणीने पहिलेच पात्र घेतले ते दुभाषीचे. फाशांनी तिला ताकद ६ दिली होती आणि छाप १५. तिने कागदावर लिहिले : मागाच्या खटखटाटात वाढलेली विणकराची मुलगी, बाजाराच्या दिवशी वडिलांबरोबर जाऊन पाच बोली शिकली, शस्त्र नाही. कागद फिरत फिरत लढवय्याकडे आला. त्याने तो खाली ठेवला आणि विचारले, "लढाई लागल्यावर ही काय करणार की?" दुसरा म्हणाला, "हिला उचलून कोण नेणार?" सूत्रधाराने सुद्धा हळूच सुचविले, निदान एक खंजीर तरी लिही. तिने लिहिला नाही.

तिला दुभाषी का व्हावेसे वाटले हे बेळगावात राहणाऱ्यास सांगावे लागू नये. तथापि एक अडचण नियमांतूनच आली. या खेळाच्या पुस्तकांत 'सामान्य भाषा' नावाची एक सोय आरंभापासून आहे. बहुतेक माणसे आणि बरेचसे इतर प्राणी ती बोलतात. ही सोय खेळ लवकर पुढे सरकावा म्हणून केलेली असेल, पण तिने दुभाष्याची भाकरी मात्र काढून घेतली आहे. अमेरिकेतील दोन गृहस्थांस सर्वांची भाषा एक असणे स्वाभाविक वाटले असेल. अनगोळात ते स्वाभाविक नाही. चौथ्या रेल्वे गेटापासून शहापूरपर्यंत सकाळी एक फेरी मारा. घरातून निघताना मराठी, बसच्या पाटीवर कन्नड, मासळीवालीशी कोकणी, फळांच्या गाडीवर दख्खनी हिंदुस्थानी आणि शाळेच्या दप्तरात इंग्रजी. आजीला एखादा कन्नड कागद भरून द्यावयाचा असतो तेव्हा शेजारी उभा राहून इकडचे तिकडे आणि तिकडचे इकडे करणारा बहुधा सातवी-आठवीतला नातूच असतो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले, तेव्हापासून या गावात भाषेवरून वाद चालत आला आहे आणि २००४ साली तो सर्वोच्च न्यायालयातही गेला. त्याविषयी लिहिण्याची ही जागा नव्हे. आम्हांस एवढेच म्हणावयाचे आहे की, आमच्या गावात दुभाषीपण ही कोणा विद्वानाची पदवी नसून पोरांना सांगितलेले एक घरकाम आहे, दळण आणण्यासारखे. म्हणूनच ते कोणाच्या डोळ्यांत भरत नाही.

हे डोळ्यांत न भरणे किती जुने आहे याचा एक दाखला देतो. पारंपरिक शिवजयंतीच्या निमित्ताने बेळगावात रात्रभर चित्ररथ निघतात. त्यांवरील सजीव देखाव्यांत भूमिका मिळावी म्हणून मुले आधीपासून वशिले लावतात. महाराज, तानाजी, बाजीप्रभू यांसाठी रांग, आणि अफझलखान होण्यासही धिप्पाड मुले तयार असतात. राज्याभिषेकाचा देखावा असेल तर टोपीवाला इंग्रजही एखादे वेळी दिसतो. हा इंग्रज म्हणजे हेन्री ऑक्झिंडेन. ६ जून १६७४ रोजी रायगडावर तो मुंबईच्या इंग्रजांचा वकील म्हणून हजर होता. परंतु तो एकटा आलेला नव्हता. त्याच्याबरोबर नारायण शेणवी हे कंपनीचे दुभाषी होते. त्या दिवसाची हकीकत इंग्रजांच्या कागदांत नमूद आहे. इंग्रजांनी दुरूनच मुजरा केला. नारायण शेणवी यांनी नजर करावयाची हिऱ्याची अंगठी हात उंचावून धरली. तेव्हा महाराजांचे लक्ष तिकडे गेले आणि त्यांनी मंडळींस सिंहासनाच्या पायथ्याशी बोलाविले. इतक्या गर्दीत, इतक्या वैभवात, कोणी काय उंच धरले असता दृष्टी वळेल हे ओळखणारा माणूस दुभाषी होता. अंगठी उंच धरणारा हा माणूस कोणत्याही चित्ररथावर आमच्या पाहण्यात नाही. त्याच्यासाठी वशिला लावणारा मुलगाही आम्ही अद्याप पाहिलेला नाही.

असो. आमच्या मैत्रिणीने सूत्रधाराकडे हट्ट धरला की सामान्य भाषा रद्द करावी. आम्ही सर्वांनी तिला दुजोरा दिला, कारण नाही म्हटले असते तर खरोखरच तिला उचलून न्यावे लागले असते. सामान्य भाषा जाताच खेळ निराळा झाला. पूर्वी वाटेत कोणी भेटले की फासे निघत आणि तलवारी निघत. आता आधी ती विचारी, "हे लोक बोलतात काय?" आणि येथे एक मौज आमच्या ध्यानात आली. १९७४ च्या पुस्तिकांत अनोळखी प्राणी कसा वागेल हे ठरविण्याचा एक कोष्टक-नियम दिलेला आहे. दोन फासे टाकावयाचे : बेरीज २ ते ५ आली तर तो वैर धरील, ६ ते ८ आली तर त्याचा निर्णय झालेला नसेल, ९ ते १२ आली तर तो अनुकूल होईल. गणिताच्या तासाला शिकलेले येथे उपयोगी पडते. दोन फाशांच्या ३६ शक्यतांपैकी वैराच्या अवघ्या १० आहेत, अनुकूलतेच्याही १०, आणि उरलेल्या १६ वेळा समोरचा प्राणी विचारात पडलेला असतो. म्हणजे हा नियम वापरला तर दर ३६ भेटींत सरासरी २६ वेळा बोलण्यास जागा आहे. शिवाय त्याच नियमांत अनुभवाचे गुण आणलेल्या सोन्यानुसारही मिळत असल्यामुळे, राक्षसाला न मारता त्याची पेटी घेऊन येणारा गडी तोट्यात जात नसे. तलवारीचा म्हणून गाजलेला हा खेळ मुळात बोलणाऱ्याला इतका अनुकूल होता, हे आमच्या लढवय्यास मुळीच आवडले नाही.

पुलाचा प्रसंग आला तेव्हा चौकीवर डोंगरातले खुजे लोक होते. लढवय्याने पुढे होऊन गर्जना केली, "पूल सोडा, नाहीतर चौकी जाळून टाकीन!" दुभाषीने वाकून त्यांच्या भाषेत सांगितले, "हे दादा म्हणतात, रात्र झाली, थंडी फार आहे, शेकोटीपाशी जागा मिळेल काय?" सूत्रधार हसू दाबीत होता. तिने वीस बाजूंचा फासा टाकला, तो चांगला पडला, आणि मंडळींस शेकोटीपाशी जागाच काय, गरम पेजही मिळाली. लढवय्यास वाटले, आपल्या धाकाचा हा प्रभाव. खरा प्रकार त्याला मध्यरात्री कळला, जेव्हा चौकीचा नाईक त्याच्या अंगावर प्रेमाने घोंगडी घालू लागला.

यावरून मेजाशी जे भांडण झाले ते पुलावर झाले असते त्यापेक्षा मोठे होते. लढवय्याचे म्हणणे असे की, माझ्या तोंडचे शब्द बदलण्याचा अधिकार हिला कोणी दिला? मी भीक मागितलेली नाही. तिचे म्हणणे असे की, तुझे शब्द जसेच्या तसे नेले असते तर चौघेही नदीत पडलो असतो. या वादात आम्ही कोणत्या बाजूचे, असे कोणी विचारील. तिने सर्वांचे प्राण वाचविले हे खरे. परंतु दुभाष्याने शब्द बदलला की त्याची पत गेली, हेही तितकेच खरे. घरच्या वडीलधाऱ्यांचे रागाचे बोल कचेरीत मऊ करून सांगणारा नातू हेच करीत असतो आणि आपण ते चालवून घेतो, कारण तो आपला असतो. आमच्या मते तिने पूल ओलांडावयास हवाच होता, पण शेकोटीपाशी बसताच लढवय्यास खरे सांगावयास हवे होते. घोंगडी अंगावर पडेपर्यंत थांबणे बरोबर नव्हते. मंडळीत या मतास दोन अनुकूल आणि दोन प्रतिकूल, अशी आजही स्थिती आहे.

परंतु त्यानंतर काय झाले ते पाहण्यासारखे आहे. पुढच्या टप्प्यावर पात्रांना नवे काही शिकण्याची मुभा मिळाली, तेव्हा लढवय्याने तलवारीचा नवा डाव घेतला नाही. त्याने सूत्रधाराची परवानगी काढून खुज्यांची भाषा शिकावयास घेतली. कशासाठी? तर हिच्यावर पाळत ठेवण्यासाठी! एका शस्त्रहीन पात्रामुळे शस्त्रधारी पात्र शब्दकोश उघडून बसले. पहिल्या दिवशी ज्याने तिचा कागद खाली ठेवला होता त्याचाच खेळ तिने बदलला. दोन लढवय्ये एकमेकांचा खेळ असा बदलू शकत नाहीत. फार तर कोणी किती मारले याची मोजणी करतात.

येथे जाणत्यांचा मूळ आक्षेप पुन्हा उभा राहील आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. ते म्हणतात, नवख्याला आधीच नियमांचे ओझे. त्यात विचित्र पात्र दिले तर तो गोंधळेल, दर खेपेस पुस्तक उघडावे लागेल आणि इतरांचा रसभंग होईल. हे आम्ही अनुभवले आहे. एकाने पहिल्याच दिवशी अर्धा मांत्रिक, अर्धा पक्षी असे काही घेतले होते. त्याची पाळी आली की बाकीचे शेंगा सोलीत बसत. यावर आमचा उपाय साधा आहे. कागद सोपा ठेवावा, माणूस वेगळा घ्यावा. लढवय्याचाच कागद घ्या, पण तो कधी सैन्यात नव्हता असे ठरवा. तो उद्यमबागेतल्यासारख्या ओतशाळेत साचे भरणारा कामगार आहे. त्याचे दंड मजबूत आहेत, त्याला आगीची भीती नाही, आणि कोणता धातू ठिसूळ आहे हे तो नुसत्या नादावरून सांगतो. नियम लढवय्याचेच, एक अक्षरही अधिक नाही. पण बंद लोखंडी दारापुढे हा माणूस काय करील याचा विचार करा. किंवा चोराचा कागद घ्या आणि त्याला कुलपे दुरुस्त करणारा प्रामाणिक कारागीर करा. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत पाने निवडण्यात आयुष्य गेलेल्या बाईचे नाक कोणत्याही भुयारात कामास येईल. विष कोणते आणि औषध कोणते हे तिला विचारावे. खुद्द या खेळाच्या २०१४ च्या आवृत्तीत पात्राला 'पार्श्वभूमी' द्यावी असा नियम आहे आणि तेथे कारागीर, खलाशी, विद्वान, एकांतवासी, रस्त्यावरचे अनाथ पोर अशा जाती दिल्या आहेत. म्हणजे छापील पुस्तकानेही दार उघडे ठेवले आहे. आत जाणारे थोडे, इतकेच.

एक पथ्य मात्र कडक पाळावे. वेगळे पात्र म्हणजे फटकून वागणारे पात्र नव्हे. काही गडी असे पात्र घडवितात की ते कोणाशी बोलत नाही, कोणावर विश्वास ठेवीत नाही, खाणावळीच्या कोपऱ्यात तोंड फिरवून बसते आणि "मी तुमच्याबरोबर का येऊ?" असे विचारते. त्याची समजूत घालण्यात इतरांची संध्याकाळ जाते. हे वेगळेपण नसून रुसवा आहे, आणि रुसव्यासाठी फासे कशाला हवेत? ज्याने पात्र घडविले त्यानेच ते मंडळीबरोबर का निघाले याचे उत्तर घरून लिहून आणावे. आमच्या दुभाषीचे उत्तर एका ओळीचे होते : बापाने उधारीवर दिलेल्या चाळीस लुगड्यांचे पैसे पुलापलीकडच्या व्यापाऱ्याकडे अडकले आहेत. सोन्याच्या शोधात निघालेल्या वीरांपेक्षा हे कारण आम्हांस अधिक पटले, आणि ती लुगडी हा आता सर्वांचाच विषय झाला आहे.

साहित्याविषयी दोन शब्द. खर्चाच्या भीतीने कोणी मागे राहू नये. या खेळाच्या २०१४ च्या आवृत्तीचे मूलभूत नियम २०२३ च्या जानेवारीपासून सर्वांस मुक्तपणे वापरण्यास खुले केलेले आहेत. साधे फासे घरच्या सापशिडीतले चालतात. वीस बाजूंचा फासा मिळाला नाही तर १ ते २० आकडे लिहिलेल्या चिठ्ठ्या डब्यात घालून हलवाव्यात. १९७९ च्या सुमारास फाशांचा तुटवडा पडला तेव्हा मूळ कंपनीनेही पेटीत आकड्यांच्या चिठ्ठ्याच घातल्या होत्या. पात्राचा कागद वहीच्या मागच्या पानावर मांडता येतो. गणिताच्या वहीच्या नको, एवढी सूचना अनुभवाने करतो.

आमची मंडळी आता येळ्ळूरच्या गडासारख्या एका गडाच्या पायथ्याशी येऊन पोहोचली आहे. आत भुयार आहे आणि व्यापारी आत लपला आहे अशी वार्ता आहे. दोन्ही लढवय्यांचा एक हात तलवारीत आणि दुसरा ढालीत गुंतलेला. मांत्रिकाला दोन्ही हात मोकळे लागतात. दुभाषीने दिवा धरला तर समोरच्याला तिचा चेहरा दिसतो आणि मऊ करून सांगितलेले खोटे लगेच उघडे पडते. नियमाप्रमाणे एक मशाल तासभर जळते आणि माणसांस अंधारात दिसत नाही. तेव्हा मशालजीची जागा रिकामी आहे. वरातीत डोक्यावर गॅसबत्ती घेऊन चालणाऱ्या माणसाची चाल ज्याने नीट पाहिली असेल, त्याला आम्ही प्रथम घेऊ. सहामाही परीक्षा संपल्यानंतरच्या पहिल्या रविवारी यावे. चिठ्ठ्यांचा डबा आमच्याकडे आहे, शेंगा ज्याच्या त्याने आणाव्यात.